ओव्हन नको, पाक नको: पहिल्यांदाच खजुराचे एनर्जी बॉल करणाऱ्यांसाठी

एनर्जी बॉल करायला स्वयंपाक यावा लागत नाही. पाकाची तार बघायची नाही, ओव्हन तापवायचा नाही, तुपात काही तळायचं नाही. तरी पहिल्यांदा करणाऱ्यांचे ते हमखास बिघडतात, आणि बिघडायच्या तऱ्हा दोनच. एक तर मिश्रण वळत नाही, मुठीत भुगा राहतो. नाही तर त्याचा लगदा होऊन हाताला चिकटतो आणि आठवड्याच्या आत डब्यातून कुबट वास येतो. दोन्हींचं मूळ एकच, ओल. पहिल्यात ती कमी पडली, दुसऱ्यात जास्त झाली. कृती सांगणारे बहुतेकजण साहित्याची यादी देऊन मोकळे होतात आणि ओलीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. म्हणून जरा लांबण लावून लिहिते आहे.

हे मुख्यतः इंदुरात नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी. भंवरकुआला शिकवणीसाठी खोली घेऊन राहणारी मुलं, विजयनगरकडे नोकरीला लागलेली जोडपी, ज्यांच्या ओट्यावर एक शेगडी आणि एक मिक्सर एवढाच संसार आहे. इंदुरात सकाळी पोहे-जलेबी मिळते, रात्री सराफ्यातली खाऊगल्ली उघडी असते. अडचण दुपारी चारच्या भुकेची असते. हाताशी काही नसलं की माणूस सेव-परमलचा (परमल म्हणजे मुरमुरे) पुडा फोडतो. (इंदूरची सेव वाईट आहे असं म्हणायची माझी छाती नाही. रोज पुडा संपवू नये, एवढंच.)

## आधी सामान जमवा

भांडी: मिक्सर आणि त्याचा मधला किंवा चटणीचा जार, जाड बुडाची कढई, परात, घट्ट झाकणाचा काचेचा किंवा स्टीलचा डबा. छोटा वजनकाटा असेल तर उत्तम. पहिले दोन-तीन वेळा तरी वजनाने करा, नंतर हाताला अंदाज येतो.

साहित्य, साधारण २० बॉलचं:

- बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम (मध्यम आकाराचे पंचवीसेक)
- बदाम, काजू, अक्रोड, शेंगदाणे यांतलं जे परवडेल ते, सगळं मिळून १०० ग्रॅम
- ओट्स ५० ग्रॅम
- अळशी २५ ग्रॅम
- तीळ २५ ग्रॅम
- सुक्या खोबऱ्याचा कीस २५ ग्रॅम
- चार-पाच वेलदोड्यांची पूड, चिमूटभर मीठ

साखर, गूळ, मध, दूध आणि पाणी यादीत नाही ते मुद्दाम. मीठ मात्र गाळू नका. त्याच्याशिवाय खजूर नुसता गोडमिट्ट लागतो आणि दाण्यांची चव मागे पडते.

## १. खजूर ओळखायला शिका

निम्मं काम इथेच होतं, त्यामुळे घाई नको. दुकानात साधारण तीन तऱ्हेचा खजूर दिसतो.

पहिला काळा, मऊ, रसरशीत, छोट्या खोक्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलेला. त्याला बहुतेक दुकानांत कीमिया म्हणतात. खायला सुरेख, पण त्यात पाणी जास्त असतं. तो वापरणार असाल तर २०० ऐवजी १५० ग्रॅमच घ्या आणि तयार बॉल पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवा.

दुसरा तपकिरी, जरा सुरकुतलेला, दाबला तर दबतो पण बोटाला रस लागत नाही. आपल्या कामाचा हाच.

तिसरा बिया काढून ठोकळ्यासारखा दाबलेला. हा स्वस्त पडतो आणि चालतोही, पण ‘बिनबियांचा’ या शब्दावर विसंबू नका. त्यात एखादी बी किंवा बारीक खडा राहिलेला असतो आणि तो मिक्सरच्या पात्याला सापडतो. ठोकळा हाताने सोडवून चाचपूनच घ्या.

खारीक वेगळी, ती इतकी कोरडी असते की वळायला धरतच नाही. पावसाळ्याच्या तोंडावर गाड्यांवर येणारा पिवळा-लाल ताजा खजूरही यासाठी नाही, तो नुसता खावा.

पाकिटातला खजूर घेताना मागची यादी वाचा. फार चकचकीत दिसणाऱ्या खजुराला कधी कधी ग्लुकोज सिरप लावलेलं असतं. ते नको म्हणूनच तर आपण घरी करतो आहोत.

आणि एक सवय लावून घ्या. प्रत्येक खजूर उभा चिरून आत बघा. वरून देखणा दिसणाऱ्या खजुरात काळी पूड म्हणजे बुरशी किंवा बारीक कीड निघू शकते. अख्खे खजूर जारमध्ये ओतून मोकळं होण्याचा मोह आवरा.

## २. बाजार एकदाच, पण नीट

इंदुरात सुकामेव्यासाठी दोन ठिकाणं. राजवाड्याजवळचा मारोठिया बाजार आणि स्टेशनजवळचं सियागंज. सियागंज मुख्यतः घाऊक, तिथे चार घरांनी मिळून घेतलं तर भाव लागतो. एकट्यापुरतं पाव-पाव किलो घ्यायचं असेल तर मारोठिया बरा. गाडी घेऊन राजवाड्याच्या गर्दीत शिरू नका, लांब लावून चालत जा. दुकानात अलसी, तिल्ली, खोपरा बूरा असंच मागा. तीळ आणि खोबऱ्याचा कीस म्हटलं तर समोरचा तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

चव घेतल्याशिवाय घेऊ नका. ‘भिया, जरा चखा दो’ म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. अक्रोड तर चाखूनच घ्यावा. त्यातलं तेल लवकर खवट होतं आणि उन्हाळ्यात त्याहून लवकर. कडवट लागला की तो खवट झालेला असतो. पुढे तो खजुराच्या गोडीखाली दडेल असं वाटतं, पण दडत नाही.

काजू अख्खे घेऊ नका, टुकडी घ्या. शेवटी दळायचेच आहेत. शेंगदाणे घेताना सुरकुतलेले, काळपटलेले, हिरवट झाक असलेले दाणे दिसले तर ते पोतंच सोडा. शेंगदाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते घरच्या भाजण्याने पुरतं जात नाही. घरी आणल्यावरही एकदा ताटात पसरून निवडून घ्या.

## ३. भाजा, आणि पूर्ण गार होऊ द्या

भाजायचं नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ओव्हन नको याचा अर्थ विस्तव नको असा नाही. भाजल्याने दोन गोष्टी होतात. उरलीसुरली ओल जाते आणि कच्चट वास जातो.

सगळं मंद आचेवर, एक-एक करून. एकत्र टाकलं तर तीळ जळतात आणि दाणे कच्चे राहतात.

शेंगदाण्यांना आठ-दहा मिनिटं लागतात. सालं सुटायला लागली की झाले. बदाम पाच-सहा मिनिटं, काजू-अक्रोड त्याहून कमी. ओट्स चार-पाच मिनिटं, रंग बदलायच्या आत उतरवा. तीळ तडतडले की लगेच ताटात. अळशी फुटायला लागली की तीही. खोबरं सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून तापलेल्या कढईत नुसतं हलवायचं, कारण ते बघता बघता लाल होतं.

आता थांबा. इथे लोक फसतात. गरम दाणे मिक्सरमध्ये गेले की जारच्या झाकणाला आतून वाफ धरते, ती पाणी होऊन खाली पडते आणि दाण्यांचं तेलही सुटतं. मग कोरड्या भरडीऐवजी ओलसर गोळा मिळतो. ताटात पसरून हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. मे महिन्यात पंख्याखालीसुद्धा अर्धा-पाऊण तास सहज लागतो.

खोलीवर शेगडीच नसेल तर भाजलेले, बिनमिठाचे दाणे विकत घ्या. भाजलेली अळशी मुखवासाच्या दुकानात मिळते, पण ती बहुधा खारवलेली असते. तेवढं विचारून घ्या.

## ४. मिक्सरचा क्रम चुकवू नका

आधी कोरडं, मग चिकट. उलट केलंत तर जार धुऊन-पुसून पुन्हा सुरुवात करावी लागेल, आणि धुतलेल्या जारात पाणी राहतंच.

पहिली अळशी. चमचाभर ओट्स बरोबर घालून बारीक पूड करा. अळशी अख्खी घातली तर तिचे बरेचसे दाणे जसे गेले तसेच शरीराबाहेर पडतात, खाण्याचा फारसा उपयोग होत नाही. पूड मात्र लागेल तेवढीच करा, दळलेली अळशी लवकर खवट होते.

मग उरलेल्या ओट्सची भरड. मग दाणे-बदाम-काजू. इथे बटण सलग फिरवू नका, थांबून थांबून पाच-सहा झटके द्या. जाडसर, रव्यापेक्षा मोठे कण हवेत. सलग फिरवलं की तेल सुटून लोणी होतं. त्याचा पीनट बटर म्हणून उपयोग आहे, पण आत्ता नको. तीळ अख्खेच राहू द्या.

सगळ्यात शेवटी खजूर, दोन हप्त्यांत, प्रत्येक हप्त्याबरोबर चमचाभर ओट्सची भरड. खजूर पात्याभोवती गोळा होऊन मिक्सर अडकतो. अडकला की बंद करा, चमच्याने सोडवा, पुन्हा झटके द्या. नेमक्या याच क्षणी हात पाण्याच्या भांड्याकडे जातो. जाऊ देऊ नका.

पाणी का नको ते एकदा समजून घ्या. खजुरात साखर इतकी असते की त्यातलं थोडं पाणी तिनेच धरून ठेवलेलं असतं आणि बुरशीला ते वापरता येत नाही. म्हणून खजूर महिनोन्‌महिने टिकतो. वरून दोन चमचे पाणी गेलं की ही सोय मोडते. खजूर गरम पाण्यात भिजवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. भिजवून केलेले बॉल लुसलुशीत होतात हे खरं, पण ते दोन-तीन दिवसांत, फ्रिजमधूनच, संपवायचे.

खजूर फारच कडक असेल, थंडीत होतो, तर कढईत चमचाभर तूप घालून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता आणि उलथन्याने दाबत राहा. आपोआप मऊ गोळा होतो, मिक्सरही लागत नाही.

मिक्सर मध्येच पूर्ण बंद पडला तर घाबरू नका. बहुतेक मिक्सरच्या बुडाशी छोटं, सहसा लाल बटण असतं. मोटर तापली की ते बाहेर येतं. दहा-पंधरा मिनिटांनी दाबलं की मिक्सर पुन्हा चालू.

मिक्सरच नसेल तर खजूर सुरीने बारीक चिरा, दाणे कापडी पिशवीत घालून लाटण्याने कुटा, अळशी खलबत्त्यात. वेळ जास्त लागतो, पण चव मला विचाराल तर याचीच जास्त चांगली. दाताखाली काहीतरी येतं.

## ५. मूठ दाबून बघा

सगळं परातीत घ्या, वेलची आणि मीठ घाला आणि तळहाताच्या बुडाने रगडून मळा. कणकेसारखं बोटांनी नाही, दाबून. हाताच्या उबेने खजूर मऊ पडतो, दाण्यांचं थोडं तेल सुटतं, आणि हे दोन मिळूनच सगळं धरून ठेवतात.

मळून झाल्यावर झाकून पंधरा मिनिटं ठेवा. ओट्स ओल शोषतात, त्यामुळे मळल्या मळल्या चिकट वाटणारं मिश्रण बऱ्याचदा तेवढ्यात ठिकाणावर येतं. त्याआधी त्यात काही घालायचं नाही.

मग मूठभर घेऊन दाबा आणि बोटाने टोचा. दोन-तीन मोठे तुकडे झाले तर बरोबर. भुगा झाला तर आणखी दोन खजूर बारीक करून घाला, किंवा चमचाभर पातळ तूप. बोट आत रुतून बाहेर येताना मिश्रण ओढत आणत असेल तर ओट्सची भरड किंवा भाजलेल्या चण्याचं सत्तू एक-एक चमचा घालत जा. कच्चं बेसन किंवा कच्ची कणीक घालू नका. हे पुढे कुठेही शिजणार नाही.

नारळाचं तेल घाला असं बाहेरच्या कृतींत असतं. ते २४-२५ अंशांना वितळतं. इंदुरात मार्चपासूनच ते बाटलीत पातळ असतं, त्यामुळे त्यावर उभे केलेले बॉल फ्रिजबाहेर काढले की ढिले पडतात. तूपही उन्हाळ्यात वितळतं, म्हणून चमचाभरच, आधाराला.

## ६. वळा

प्रत्येकी २० ग्रॅम, छोट्या लिंबाएवढे. आधी मुठीत दाबून घट्ट करायचे, मग दोन तळव्यांत फिरवायचे. नुसतं फिरवून चिरा पडतात. हाताला चिकटलं तर पाण्याचा नाही, तुपाचा हात. वरून खोबरं, तीळ, कोको पूड किंवा पिस्त्याची पूड लावली की एकमेकांना चिकटत नाहीत. वळल्यावर ताटात सुटे ठेवून अर्धा तास फ्रिजमध्ये, मगच डब्यात.

## ७. ऋतू बघून ठेवा

थंडीत, म्हणजे दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत, साधारण आठवडाभर ओट्यावरच्या घट्ट डब्यात चांगले राहतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बुरशीपेक्षा खवटपणाची भीती जास्त, म्हणून फ्रिज. पावसाळ्यात दोन्हींची, म्हणूनही फ्रिज. तिथे तीन आठवडे, फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने काढता येतात.

पावसाळ्यात गार डबा बाहेर काढून उघडा ठेवला की हवेतली वाफ बॉलवर जमते. हवे तेवढे कोरड्या हाताने काढा, डबा लगेच परत आत. एकाही बॉलवर पांढरी-हिरवी लव दिसली तर तेवढाच काढून बाकीचे खाऊ नका. डब्यातले सगळे बॉल ओल्या कचऱ्यात, आणि सोबतचा प्लॅस्टिकचा कागद सुक्यात. सकाळची कचरागाडी या बाबतीत फार कडक असते.

## ८. किती खायचे, आणि कुणी जपून

वर दिलेल्या मापात एका बॉलमध्ये सुमारे ८० ते ८५ कॅलरी आणि प्रथिनं २ ग्रॅमच्या आसपास बसतात. म्हणजे पाच खाल्ले तर चारशेच्या वर कॅलरी. पौष्टिक आहे म्हणून येता-जाता तोंडात टाकायची ही वस्तू नव्हे. चार वाजता एक, व्यायाम किंवा लांबचा प्रवास असेल तर दोन.

‘साखर नाही’ याचाही अर्थ नीट घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनाप्रमाणे वरून घातलेली साखर, मध, सरबतं यांतून रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा यावी. अख्ख्या फळातली साखर या मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे अख्ख्या खजुराने गोड केलेला बॉल मध-गुळाच्या बॉलपेक्षा बरा. पण खजुराच्या वजनाचा बराच मोठा भाग साखरच असते. मधुमेह असलेल्यांनी ‘नैसर्गिक आहे’ म्हणून सुटू नये, आपल्या डॉक्टरांना विचारूनच किती ते ठरवावं.

प्रोटीन बॉल करायचे म्हणून प्रोटीन पावडर ओतणारेही भेटतात. पावडर ओल शोषून मिश्रण चामट करते. दोन चमच्यांना दोन जादा खजूर लागतात, म्हणजे गोडी पुन्हा वाढली. त्यापेक्षा ओट्सच्या जागी सत्तू घ्या. इंदुरात ते कुठल्याही किराणा दुकानात मिळतं.

लहान मुलांसाठी सुकामेवा अगदी बारीक दळा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो. मध घालून करणार असाल तर एक वर्षाखालच्या बाळाला बोटाने चाटवायलाही देऊ नका. शाळेच्या डब्यात देताना आत दाणे आहेत हे मुलाला सांगून ठेवा, वाटून खाणाऱ्यांत एखाद्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असते.

आणि शेजारपाजारी विकायचे झाले तर घरगुती असले तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. भिशीत चार जणींनी मागणी नोंदवली की हा प्रश्न लगेच येतोच.

## थोडे फेरफार

उपासाचे: ओट्स, अळशी, तीळ काढा. भाजलेले दाणे, राजगिऱ्याच्या लाह्या, खोबरं, खजूर. लाह्या मळून झाल्यावर शेवटी हलक्या हाताने मिसळा, नाही तर त्यांचं पीठ होतं. उपासाला काय चालतं ते घराघरांत वेगळं, तेव्हा वेलचीपासून सगळं घरच्या आजींना विचारून घ्या.

थंडीतले: पाव चमचा सुंठ, थोडी जायफळपूड, काजूऐवजी अक्रोड जास्त.

इंदुरी: ऐकून नाक मुरडाल, पण शेंगदाणे-खजुराच्या बॉलवर चिमूटभर जीरावन, म्हणजे इथे पोह्यांवर घालतात तो मसाला, भुरभुरून बघा. त्यातलं आमचूर आणि काळं मीठ खजुरावर असं बसतं की चिंच-खजुराची चटणी आठवते. फक्त ते खाताना लावायचं. आधीच घोळवून ठेवलं तर मीठ ओल ओढतं आणि डब्यात सगळे घामेजतात.

जार धुण्याआधी पात्याला चिकटलेला खजूर वाया घालवू नका. कपभर गार दूध ओतून एकदा मिक्सर फिरवा आणि गाळून न घेता प्या. मग जार कोमट पाण्याने एका धुण्यात निघतो.